गोठ्याचा व्हिडिओ

व्हिडिओ रंगात आला की ती उठायची. मागच्या बाकावरून सरळ चालत पुढे यायची, माझ्या हातातला रिमोट न विचारता घ्यायची आणि चित्र थांबवायची. पडद्यावर हिरवंगार कुरण असायचं, त्यात नुकतीच धुतल्यासारखी पांढरी गाय आणि शेजारी बादली घेऊन हसणारा शेतकरी. ती पडद्याकडे पाहायची नाही. मुलांकडे पाहायची आणि विचारायची, "वासरू कुठं हाय?"

मुलं शोधू लागायची. कुणी झाडामागे बोट दाखवायचं, कुणी कुंपणाकडे. शेवटी एखादा म्हणायचा, "दिसत नाही, मॅडम."

"नाई दिसत ना? मंग हे दूध कोणासाठी आलं व्हतं?"

आणि रिमोट टेबलावर टाकून ती निघून जायची. माझ्या हातात देत नसे, टेबलावर टाकत असे. वर्ग माझा, तास माझा, व्हिडिओ मी रविवार घालवून शोधलेला. तिच्यामागे दार हलत राहायचं, मुलं माझ्याकडे बघत राहायची.

मला ती आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माणूस नजरेआड झालं की त्याच्याविषयी गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही. ती माझ्याहून वयानं मोठी, नोकरीतही मोठी, तेव्हा तिला 'त्या' म्हणायला हवं. लोकांसमोर म्हणत होतेच. मनात मात्र कधी म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही. तुमच्या ऑफिसात, शाळेत, गल्लीत असं एखादं माणूस असेलच. ते आलं की हसणाऱ्यांचं हसू बंद होतं.

आमची शाळा अकोल्याची. पूर्वी साधी मराठी शाळा होती, मग सेमी-इंग्रजी झाली, आणि संस्थेनं एका खोलीत मोठा डिजिटल बोर्ड बसवला. खोली एकच, वर्ग अनेक. पाचवीला परिसर अभ्यास मी शिकवते, वरच्या वर्गांना विज्ञान ती शिकवायची. माझा तास संपला की त्याच खोलीत तिचा तास असे. ती आधीच येऊन मागच्या बाकावर बसायची. तिला तेव्हा मोकळा तास असायचा आणि शिक्षकांच्या खोलीत बसायला तिला आवडत नसे. तिथं कुणाला ती आवडत नव्हती, हेही आहेच.

उंच, हाडकुळी, केस घट्ट बांधलेले, साडीला खांद्यावर एक मोठी सेफ्टी पिन. अकोल्यात एका खोलीत भाड्यानं एकटीच राहायची. लग्न केलं नव्हतं. गाव मूर्तिजापूरजवळचं, तिथं धाकटा भाऊ, त्याची शेती आणि म्हशी. शनिवारी शाळा सुटली की ती पॅसेंजर पकडून गावी जायची आणि सोमवारी परत यायची. दुपारचा डबा ती खिडकीपाशी उभी राहून खायची. कुणाला दिला नाही, कुणाचा घेतला नाही. मी नवीन घर बांधलं तेव्हा सगळ्या शाळेला बोलावलं होतं. तिलाही पेढा देऊन सांगितलं. तिनं पेढा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "खव्याचा हाय का पावडरचा?" आली नाहीच.

संस्थेनं त्या वर्षी 'आपलं अन्न कुठून येतं' असा उपक्रम घ्यायला सांगितलं आणि तो माझ्याकडे आला. मला आनंद झाला. शहरातली मुलं, त्यांना शेत माहीत नाही, गोठा माहीत नाही. एवढ्या मुलांना कुठं नेणार? बस करायची, पालकांच्या परवानग्या, ऊन, डबे, उलट्या. त्यापेक्षा नेटवर सगळं आहे. गहू कसा होतो, दूध पिशवीत कसं येतं, गूळ कसा बनतो. मी एकेक पाहून, मुलांना झेपतील असे निवडून ठेवले. मुलं मन लावून बघायची. मी आजही म्हणेन की ते काम मी चांगलं केलं होतं.

त्यात एक गाण्याचा व्हिडिओ होता. भाज्या नाचतात आणि स्वतःची ओळख करून देतात. गाजर जमिनीतून टुणकन उडी मारतं आणि खो-खो हसतं. मुलं बाकावर उभी राहून नाचत होती. ती उठली. सगळे बसले. तिनं पुढच्या बाकावरच्या एका पोराचे केस, वेणी ओढावी तसे, हलकेच ओढले.

"दुखलं का?"

"हो."

"मंग हे गाजर काहून हसून राहिलं? त्याले उपटलं नाही का आत्ता?"

वर्ग हसला. पोरगाही हसला. मी हसले नाही. मी तिला म्हटलं, "मॅडम, लहान आहेत ती. गाण्यातून शिकतात."

"हाव, शिकतात," ती म्हणाली. "जेवाची वस्तू आपोआप उडी मारून ताटात येते, हे शिकतात."

पण खरी खुन्नस जडली ती पाहुण्यांच्या दिवशी. बाहेरून शाळा पाहायला मंडळी यायची होती. हेडसरांनी माझा तास ठेवला. मी तूरडाळीचा व्हिडिओ लावला. अगदी नेटका होता. लांबच लांब शेत, त्यातून जाणारं लाल यंत्र, मागच्या नळीतून ट्रॉलीत पडणारे दाणे, मग कारखाना, मग पाकीट, मग वरण-भात. पाहुण्यांपैकी एक बाई खूश होऊन उठल्या आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला विचारलं, "सांग बेटा, तूर कुठून येते?"

मुलगी हुशार. ताडकन उभी राहिली. म्हणाली, "लाल मशीनच्या नळीतून."

पाहुण्यांनी गोड हसून वेळ मारून नेली असती. पण मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मी तिला तेवढं एकदाच हसताना ऐकलं. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, मांडीवर हात मारत. पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं. हेडसरांचा चेहरा पडला. मला रडू आलं नाही, पण त्या रात्री मी घरी नवऱ्याला म्हटलं की ही बाई शाळेतून जाईल त्या दिवशी मी बर्फी वाटेन.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते भांडणाला घाबरणारे, सगळ्यांचं राखून चालणारे. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला यांचं शिकवणं पटत नाही ना? मग तुम्हीच दाखवा काय दाखवायचं ते. दर सोमवारी एक तास तुमचा."

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "दाखवते."

शनिवारी ती गावी गेली आणि सोमवारी मोबाईलमध्ये व्हिडिओ घेऊन आली. मोबाईल जुना, काच तडकलेली, चित्र उभं आणि कोपऱ्यात सारखा तिचा अंगठा. भावाच्या वावरात बाया तुरीत निंदण करत होत्या. त्यांच्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या, तोंड एकीचंही नाही. संगीत नाही, बोलणं नाही. एक बाई मध्येच उभी राहून कमरेवर हात ठेवते, आभाळाकडे पाहते आणि पुन्हा वाकते. बस. बराच वेळ तेच. मुलं कंटाळली. दोघं बाकावर डोकं ठेवून झोपली. मी मागच्या बाकावर बसले होते, तिच्या जागेवर, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तास संपल्यावर मी म्हटलं, "झोपली की हो मुलं."

"झोपू द्या. त्या बायाइलेही झोप येत व्हती. त्या झोपल्या नाई."

हे असं. तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. तितक्याच जोरानं परत यायचा.

पुढच्या सोमवारी तिनं गोठ्याचा व्हिडिओ आणला.

माझी मुलगी रेवा त्याच वर्गात होती, हे सांगायला हवं. खिडकीजवळच्या रांगेत बसायची. मीही मागे होते. पडद्यावर पत्र्याचा गोठा आला, काळोखा, शेणानं ओला. तिचा भाऊ दोन्ही गुडघ्यांत बादली धरून म्हशीपाशी बसला होता. मोठ्या मिशांचा, बनियन घातलेला. कॅमेऱ्याकडे पाहून तो थोडा लाजून हसला. मग त्यानं म्हशीची कास धुतली, ओढून पाहिली. दूध येईना. म्हैस पाय झाडत होती. तो उठला आणि कोपऱ्यातून एक वस्तू घेऊन आला.

आधी कळलंच नाही काय ते. म्हशीच्या छोट्या पिल्लासारखं काहीतरी. पोट फुगलेलं, पाय काठ्यांसारखे ताठ, डोळ्यांच्या जागी शिवण. त्यानं ते म्हशीच्या तोंडापुढं ठेवलं. म्हशीनं वास घेतला. मग ती ते चाटू लागली, मान, पाठ, कान, अगदी सावकाश. आणि बादलीत धार वाजू लागली.

तेवढ्यात व्हिडिओतून तिचा आवाज आला. "हे रेडकू मेलेलं हाय. त्याचं कातडं काढून आत कुटार, भुसा भरला हाय. म्हशीले वाटते का आपलं लेकरू जवळ हाय, म्हून ती पान्हा सोडते. तिले खरंच तसं वाटते का, ते मले माहीत नाई."

 एक मुलगी हुंदके देऊ लागली. रेवानं हात वर केला.

"तिला कुणी सांगितलं नाही का?"

"कोणाले?"

"म्हशीला. की ते मेलं म्हणून."

"कोण सांगन?" ती म्हणाली. "तू सांगशील?"

रेवा खाली बसली. त्या संध्याकाळी तिनं दुधाचा पेला हातानं बाजूला सारला. दुसऱ्या दिवशीही. दही नको, तूप नको, पनीर नको. रात्री अंथरुणात विचारते, "आई, ती अजून चाटत असेल का?" तुम्ही आई असाल तर तुम्हाला कळेल मला काय झालं ते.

मी त्या बाईला व्हरांड्यात गाठलं. माझा आवाज चढला होता, शिपाई थांबून बघत होता.

"काय गरज होती मॅडम? काय मिळवलं तुम्ही? दहा वर्षांची आहे ती!"

"मी तिच्याहून लहान व्हती," ती म्हणाली.

"कशाला लहान? काय बोलताय?"

तिनं पिशवी खांद्यावर टाकली. "तुमच्या लेकरानं प्रश्न विचारला, मॅडम. चांगला विचारला. तुमच्या व्हिडिओवर विचारला व्हता का कधी?" आणि चालू लागली. मला तिच्या पाठीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात फक्त हजेरीपट होता.

आता यापुढचं जे घडलं, त्यात माझा हात नव्हता आणि तिचाही तसा नव्हता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईनं विचारलं होतं की मॅडमनी नेमकं काय दाखवलं, मुलगा घरी येऊन काहीबाही सांगतोय. त्यावर या बाईनं उत्तर म्हणून अख्खा व्हिडिओच टाकला. खाली लिहिलं, "हे दाखवलं. घरी सगळे मिळून पाहा." तिला वाटलं असणार, पाहतील आणि बोलतील.

लोक असं पाहत नाहीत. कुणीतरी त्यातला तिचा आवाज काढून टाकला. रडकं संगीत घातलं. चाटणाऱ्या म्हशीवरून लाल अक्षरं सरकवली, 'चहातून काय पिता ते पाहा.' आणि भावाचं ते लाजरं हसू नेमकं मेलेल्या रेडकाच्या शेजारी आणून ठेवलं. त्यामुळे तो माणूस हसत हसत काहीतरी राक्षसी करतोय असं दिसत होतं. दोन दिवसांत तो माझ्या नणंदेकडून मला परत आला, अमरावतीहून. म्हणजे मूर्तिजापूरला तो आधीच पोचला असणार. तिचा भाऊ तिथंच घरोघरी दूध घालायचा.

तो शाळेत आला तेव्हा मधली सुटी होती. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन अडकवलेल्या, भरलेल्याच. त्यानं गाडी मैदानातच उभी केली. ती डबा खात खिडकीपाशी उभी होती, त्याला पाहून डबा घेऊनच बाहेर आली. आम्ही सगळ्याजणी व्हरांड्यात. मुलं लांब उभी.

"ताई, लोकं दार लावून घेऊन राहिले माह्या तोंडावर," तो म्हणाला. तो ओरडत नव्हता, म्हणूनच ते जास्त ऐकू येत होतं. "बापाच्या वेळचे गिऱ्हाईक. एक म्हातारी थुंकली. माह्या पोरीले कॉलेजात चिडवून राहिले."

"त्याइले पुरा व्हिडिओ दाखव. माहा आवाज हाय त्यात."

"कोणाले दाखवू? कोण ऐकते? तुले लेकरं शिकवाचे व्हते तं माहाच गोठा भेटला का?"

"दुसऱ्याच्या गोठ्यात कशी जाऊ? आपल्या घरचं आपून दाखवावं. लपवण्यासारखं काय हाय त्यात? रेडकू मेलं तं मेलं. तू मारलं का?"

"हे मले नको सांगू." त्यानं बोट रोखलं. "लहानपणी ते म्हशीपुढं कोण धरून उभं राहे? मी नाई. तू. रोज सकाळी, अंधारात. बाप धार काढे अन् तू ते कातडं धरून उभी राहे. तवा लाज नाई वाटली, आता साऱ्या दुनियेले दाखवून राहिली?"

"म्हूनच दाखवलं," ती म्हणाली.

तो थांबला. मला वाटलं, झालं, आता हाही गप्प होईल, तिच्यापुढं सगळे होतात तसा. पण तो सख्खा भाऊ होता.

"मंग तुह्या हाताचं दाखवाचं व्हतं," तो म्हणाला. "माह्या थोबाडाचं काहून दाखवलं?"

  तिच्या हातातल्या डब्यातली भाजी कलंडून साडीवर सांडत होती आणि तिला कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिला उत्तर सुचलं नाही असं मी तेव्हाच पाहिलं. आणि तुम्ही मला काहीही म्हणा, मला तेव्हाही तिची दया आली नाही. मला भावाची आली. तो मोटारसायकलपाशी गेला, कॅन पाहिल्या, झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळं दूध मैदानाच्या कडेच्या नालीत ओतून दिलं. मुलं बघत होती. रेवाही.

संस्थेच्या अध्यक्षांनी दोन दिवसांनी बैठक लावली. पालकांचे प्रतिनिधी, हेडसर, मी उपक्रमाची प्रमुख म्हणून. अध्यक्ष सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, मुलं घाबरली, पालक नाराज आहेत. एकदा दिलगिरी व्यक्त करा, विषय संपला."

"लेकरं रडले म्हून माफी मागू?"

"तसंच नाही, पण..."

"रडण्यासारखंच व्हतं ते. रडले नसते तं मले भेव वाटलं असतं."

एक पालक उसळून म्हणाले, "आमची मुलं दूध पीत नाहीत हो!"

ती त्यांच्याकडे वळली. "तुमचे लेकरं चिकन खातात का?"

"त्याचा काय संबंध?"

"नाई, इचारलं. ते कुठून येते हे दाखवलं असतं तं तुमी मले जेलात टाकलं असतं. मी म्हशीवरच थांबली."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर. बैठक तिथंच फिसकटली. तिनं पालकांची माफी मागितली नाही. पुढच्या आठवड्यात ती रजेवर गेली, आणि रजेतूनच राजीनामा पाठवला. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. तेवढा काढला असता तर निरोपसमारंभ झाला असता, शाल-श्रीफळ मिळालं असतं, मीच कदाचित दोन शब्द बोलले असते. तिला त्याचं काही नव्हतं. तिच्या खोलीचं सामान न्यायला कोण आलं, कधी नेलं, आम्हाला कळलंही नाही. घरमालकीण शाळेत येऊन विचारत होती की मॅडमची एक कुंडी राहिलीय, कुणाला हवी का. कुणी घेतली नाही.

बर्फी मी वाटली नाही. राहून गेलं. पण शाळेत हलकं वाटायला लागलं हे खरं. डिजिटल खोलीत माझे तास सुरळीत होऊ लागले. व्हिडिओ सुरू व्हायचा आणि संपायचा. मुलं टाळ्या वाजवायची. मी मागच्या बाकाकडे पाहायचं सोडून दिलं. रेवा घरी दूध पीत नव्हती ती नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, चालेल, शेंगदाणे द्या, तीळ द्या, नाचणी द्या. मी देत होते. त्या बाईवरचा माझा राग रोज सकाळी त्या डब्यांची झाकणं उघडताना ताजा व्हायचा.

दिवाळीनंतर मूर्तिजापूरला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध होतं. आदल्या संध्याकाळीच आम्ही गेलो. सकाळी उठून रेवाला घेऊन मी कोपऱ्यावर हार आणायला निघाले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, ओट्यांवर सडा घातलेला. पुढे कुणीतरी बाई मोठ्यानं बोलत होती. तो आवाज मला दहा माणसांतून ओळखता आला असता.

ती एका ओट्यापुढं उभी होती. पायाशी दुधाची कॅन, हातात लिटरचं माप. साडी तशीच, खांद्यावर पिनही तशीच. पायात मात्र साध्या रबरी चपला. वरच्या पायरीवर घरची बाई, हातात झाडू.

"आमाले नको म्हटलं ना," घरची बाई म्हणत होती. "पाह्यला तो व्हिडिओ आमी."

"पाह्यला ना? तो मी काढला. मी त्याची बहीण. तो कातडं धरते ना, ते लहानपणी मी धरत व्हती. शिव्या देयाच्या तं मले द्या. तो गरीब माणूस हाय, त्याले काहून देता?"

"पण असं कातडं..."

"मंग काय करावं म्हणता? तुमीच सांगा. म्हशीले उपाशी ठेवावं का खाटकाले द्यावी? मी इथंच उभी हाय. काय इचाराचं ते इचारा."

घरची बाई गडबडली. इतक्या सकाळी दारात उभं राहून कुणी आपल्याला असं विचारील हे तिला अपेक्षित नसावं. "उद्या पाहू," असं काहीतरी पुटपुटून तिनं आत जाऊन दार लावलं.

ती वळली आणि आम्ही समोरासमोर आलो. ओळखलं तिनं लगेच. नमस्कार नाही, कशा आहात नाही. चेहऱ्यावर काही बदललं नाही.

मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "रोज करता का हे?"

"जे गिऱ्हाईक गेले त्याइच्याच घरी जाते. बाकीच्याइकडं भाऊ जाते."

"परत येतात का?"

"काही येतात. काही कुत्रं सोडतात."

"आणि भाऊ? बोलतात का तुमच्याशी?"

"कॅन भरून देते," ती म्हणाली. मग तिची नजर रेवावर गेली. रेवा माझ्या ओढणीमागं सरकली होती, पण पाहत होती तिच्याकडेच.

"पेते का दूध?" तिनं रेवाला विचारलं. मला नाही.

"नाही."

मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलेल. मी तयारीत होते. रेवासमोर यावेळी मी गप्प बसणार नव्हते.

"नको पेऊ," ती म्हणाली. तो आवाज मी तिच्याकडून पूर्वी ऐकला नव्हता. "मीही नाई पेत. लहानपणापासून."

रेवा ओढणीमागून बाहेर आली. "मग विकता कशाला?"

 तिनं रेवाकडे नीट पाहिलं. ती रागावली नाही. प्रश्न जणू वजन करून पाहिला.

"भावाचं हाय म्हून," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमाले घ्याचं हाय का दूध?"

"नाही. आम्ही पाहुणे आहोत."

"मंग रस्ता सोडा."

मी बाजूला झाले. ती मला आवडत नव्हती, आजही आवडत नाही. रेवानं वाटेत दोनदा मागं वळून पाहिलं, मग मीही पाहिलं. ती पुढच्या घरापाशी गेली होती. कॅन खाली ठेवून तिनं पदरानं मान पुसली, पदर कमरेला खोचला आणि कडी वाजवली. आत टीव्हीवर आरती लागली होती. खिडकीचा पडदा हलला, कुणीतरी डोकावलं आणि टीव्हीचा आवाज मोठा झाला. ती ओट्याची पायरी चढून दाराच्या अगदी समोर, उघडल्याबरोबर पहिलं तोंड तिचंच दिसेल अशी उभी राहिली आणि पुन्हा कडी वाजवली.